चंदना जड झाली

पहिलीची शाळा भरू लागल्यावर थोड्याच दिवसांत माझी मुलगी चंदना जड व्हायला लागली. दिसायला ती होती तशीच राहिली. हातपाय काटक्यांसारखे, गाल बसलेले, गेल्या वर्षीचा फ्रॉक अंगाला बरोबर. फक्त वजन वाढत गेलं. आधी तिला कडेवर घेताना माझ्या कमरेत कळ आली. मग ती झोपली असताना पलंगाची फळी मोडली. मग शाळेच्या रिक्षाचं मागचं चाक तिने पाय ठेवला की बसायला लागलं. रिक्षावाले इनामदार मला बाजूला घेऊन म्हणाले की सगळी पोरं एकीकडे आणि ही एकटी दुसरीकडे बसवली तरी गाडी हिच्याच बाजूला कलते, तेव्हा तुम्ही दुसरी काहीतरी सोय बघा.

कारण मला माहीत होतं. चंदना संडासला जात नव्हती.

शाळेत तिने एकदा चालू तासाला हात वर केला होता. बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत जा. मधल्या सुट्टीत तिथे पाणी नव्हतं आणि आधीच्या कोणाचं तरी तसंच पडलेलं होतं. ती परत वर्गात येऊन पाय आवळून बसली. दुसऱ्या दिवशी घरी बसली तेव्हा खडा झाला होता. ती खूप रडली, थोडं रक्तही आलं. मी तिला धुतलं, पुसलं. तिने चड्डी वर ओढली आणि कारलं नको म्हणावं तशा आवाजात सांगितलं, "आता मी कधीच करणार नाही." दिलेला शब्द इतका पाळणारं माणूस आमच्या घरात दुसरं नाही.

शी आली की ती पडद्यामागे जायची. फ्रिजचं हँडल धरून चवड्यांवर उभी राहायची, पायांची कात्री करायची, तोंड लालबुंद व्हायचं. थोड्या वेळाने ते ओसरायचं आणि ती खेळायला निघून जायची. ती उभी होती तिथली फरशी खाली गेलेली असायची. आधी नखभर, मग बोटभर.

आमचा फ्लॅट सांगलीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात माणसं पाच आणि संडास एक. सकाळी पहिला मान माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हळदीचा मोठा व्यापार होता, आता फक्त पेपर वाचतात. रात्री चूर्ण, सकाळी तांब्याभर कोमट पाणी, मग हॉलमध्ये येरझाऱ्या, मग पेपर घेऊन आत. बाहेर कधी येणार हे विचारायचं नाही. अण्णाही जड आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहतेय. संडासाची फरशी त्यांच्यामुळे इतकी खचलीय की आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात. पण पुरुष जड असला की त्याला वजनदार म्हणतात. अण्णांनी त्या पायऱ्यांना ग्रॅनाइट बसवून घेतलं. खालच्या मजल्यावर कोरेसाहेबांचं छत त्या जागी खाली आलं होतं, तर अण्णांच्या वयाचा मान ठेवून कोरेसाहेब वाकून अंघोळ करायचे.

अण्णांनंतर माझे मिस्टर अभिनंदन. त्यांचं शेतीच्या मोटारींचं दुकान आहे. मग सासूबाई. मग चंदना, आणि तेवढ्यात खाली इनामदारांचा हॉर्न. माझा नंबर सगळे बाहेर पडल्यावर.

पुढे चंदनाच्या चड्डीला डाग पडायला लागले. शाळेतून निरोप आला की वास येतो, शेजारी कोणी बसत नाही, तुम्ही मुलीला वळण लावा. अभिनंदननी तिला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि विचारलं, एवढी मोठी झालीस, कळत नाही का. सासूबाई म्हणाल्या, कळतं तिला, सगळं मुद्दाम चाललंय. चंदना म्हणाली, मला खरंच कळत नाही. तेव्हा अभिनंदननी तिला एक ठेवून दिली. चंदना हललीसुद्धा नाही. त्यांचा हात मात्र मनगटापर्यंत सुजला आणि बरेच दिवस ते डाव्या हाताने जेवले. यासाठीही घरात तिलाच बोल लागले.

हात दाखवायला जायचंच होतं म्हणून मी म्हटलं, हिलाही दाखवू. दुकानाच्या मोटारी वाहायच्या टेम्पोतून आम्ही तिला नेलं. डॉक्टर उपाध्ये या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी तिला टेबलावर झोपवलं आणि पोटावर बोटं दाबली. नंतर माझी बोटं धरून तिथेच दाबली. आत वीट होती.

"टेबल वाकतंय, म्हणून भराभर सांगते," त्या म्हणाल्या. "ही मुद्दाम करत नाही. एकदा दुखलं म्हणून तिने धरून ठेवलं. धरून ठेवलं म्हणून आणखी घट्ट झालं, आणि मग आणखी दुखलं. आतडं ताणलं गेलं की आलंय हे कळायचंच बंद होतं. मागचं पातळ त्या खड्याच्या कडेने झिरपतं आणि कपड्याला लागतं. त्याला तिचा इलाज नाही."

त्यांनी पाण्यातून द्यायची पावडर दिली. आधी साठलेलं मोकळं होऊ दे, मग कित्येक महिने चालू ठेवायची, मध्येच बंद करायची नाही. दूध कमी, पाणी, फळं, भाजी जास्त. जेवणानंतर भांड्यावर बसवायचं, पायाखाली स्टूल द्यायचं, घाई करायची नाही, रागवायचं नाही. झालं तर कौतुक, नाही झालं तर काही बोलायचं नाही.

"घरात आणखी कोणाला त्रास आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," अभिनंदन म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीचे चारही पाय फरशीत गेले होते. उठताना अभिनंदननी खुर्ची उपटून नीट जागेवर ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंनी पावडरचा डबा बघितला आणि म्हणाल्या की असल्या औषधांची सवय लागते, जन्मभर पावडरीवर जगायचं का पोरीने. अण्णा म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ते संडासाच्या पायरीवरून म्हणाले. रविवारी सासूबाईंनी एरंडेल गरम केलं. अभिनंदननी पाय धरले, सासूबाईंनी नाक दाबून वाटी तोंडाला लावली. त्याने जमलं नाही तेव्हा साबणाची वडी कातरून आणली. मी नको म्हणत होते. मला दिवा धरायला उभं केलं होतं, कारण मागच्या खोलीत उजेड कमी येतो. चंदनाने इतकं आवळून धरलं की तिच्या खालची फरशी बशीसारखी खोल झाली आणि धरणारे दोघे आणि दिव्यासकट मी, उताराला लागल्यासारखे तिच्या अंगावर आलो.

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या वस्तू तिच्याकडे घरंगळायला लागल्या. लिंबं, वाट्या, अण्णांची चष्म्याची डबी. मी भाकरी थापायला बसले की परात हळूहळू चंदनाच्या दिशेने निघायची. मी एका हाताने परात धरायचे आणि एका हाताने थापायचे.

मग कोरेसाहेब वर आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि अपार्टमेंटचे चेअरमन आहेत. माणूस सभ्य. चहा घेतला, चंदनाला कितवीत आहेस विचारलं, आणि मग म्हणाले की आमच्या हॉलच्या छताला पोट आलंय. मी पेन्सिलने खुणा करून ठेवल्यात, ते उतरतंय. मिसेस सोफ्यावर बसत नाहीत. त्यांनी घरभर फिरून भिंती वाजवल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गॅसच्या सिलिंडरमागे, इमारतीचा कॉलम होता. मुलीला तिथे उभं ठेवा, ते म्हणाले, भार सरळ पायात जाईल. अभिनंदननी त्यांचे आभार मानले.

चंदना कॉलमवर राहायला लागली. सिलिंडरवर वही ठेवून अभ्यास करायची, तिथेच जेवायची, भिंतीला टेकून झोपायची. शाळेने तिला बरं वाटेपर्यंत पाठवू नका म्हणून कळवलं होतं. मी कामं करता करता तिच्याशी बोलायचे. पावडर मी लिंबाच्या सरबतातून देत होते, सासूबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या की. पपई द्यायचे, भिजवलेल्या मनुका द्यायचे. तिच्या पोटावरून हात फिरवायचे. सुरुवातीला विटेवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. नंतर नंतर विटेच्या कडा बोटांना लागेनाशा झाल्या.

एका सकाळी ती म्हणाली, "आई, पोट बोलतंय."

"काय बोलतंय?"

"अजून स्पष्ट नाही."

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघी हसलो. सासूबाईंनी हॉलमधून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

त्यानंतर लवकरच ते घडलं. मी कणीक मळत होते. चंदना कॉलमवरून म्हणाली, "आई, मला शी आलीय." चेहऱ्यावर भीती होती, पण पायांची कात्री केली नव्हती. मी तशीच कणकेच्या हातांनी तिचा हात धरला. ती कॉलमवरून उतरली. एकेक पाऊल टाकत होती आणि मागे एकेक फरशी तडकत होती. हॉल ओलांडून आम्ही संडासाच्या दारापाशी आलो. दार आतून बंद होतं.

मी दार वाजवलं. "अण्णा, चंदनाला आलीय."

"अजून झालं नाही," आतून आवाज आला. पेपरचं पान उलटलं.

"अण्णा, तिला आत्ता जायला हवं."

मी पुन्हा वाजवलं. सासूबाई आल्या आणि मला म्हणाल्या की त्यांना मध्ये उठवलं की त्यांचा अख्खा दिवस खराब जातो, ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, मग गॅलरीत भांडं ठेवते. अभिनंदन दाढी करत होते. गालाला फेस तसाच ठेवून म्हणाले, गॅलरी रस्त्यावरून दिसते. मी म्हटलं, मोरीत बसवते. सासूबाई म्हणाल्या, मोरीत माझं सोवळ्याचं धुणं भिजलंय. मी बादली उचलली तर बादली त्यांनी दुसऱ्या बाजूने धरली. आम्ही दोघी बादली धरून उभ्या राहिलो.

चंदनाने माझा पदर ओढला.

"परत गेली," ती म्हणाली.

तिच्या खाली फरशी ओल्या पापडासारखी सुटली. आवाज फारसा झाला नाही. ती उभ्याची उभी खाली गेली. कोरेसाहेबांच्या हॉलमधून, तिथे ते टीव्हीवर बातम्या बघत होते, मग पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमधून, आणि थेट पार्किंगमध्ये. मी भोकातून वाकून पाहिलं. ती दोन स्कूटरच्या मध्ये उभी होती. कुठे खरचटलं नव्हतं. तिने वर बघितलं आणि हात हलवला.

संडासाचं दार उघडलं. अण्णा पायऱ्या चढून आले, भोकाच्या कडेने वळसा घालून खुर्चीवर बसले आणि चहा झाला का विचारलं.

मी जिन्याने खाली धावले. चंदना घोट्यापर्यंत पेव्हर ब्लॉकमध्ये रुतली होती. मी तिला ओढलं. ती म्हणाली, ओढू नकोस, दुखतं. मी तिच्याजवळ बसले. मग एकेक जण यायला लागला. कोरेसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या, दुधात तूप घालून द्या. कोणी म्हणालं, नाभी सरकली असेल, चोळून घ्या. कोणी केळं द्या म्हणालं, दुसऱ्याने सांगितलं, केळ्यानेच धरतं. पेपर टाकायला आलेला माणूस म्हणाला की माझी बायको रोज सकाळी उठून रडते, तिचंही हेच आहे, पण घरी आठ माणसं, सांगणार कोणाला. एवढं बोलून तो सायकलवर बसला. सायकलचे दोन्ही टायर बसले होते. तो तशीच ती ढकलत गेला.

डॉक्टर उपाध्येंना मी फोन केला. त्या आल्या, बसून चंदनाचं पोट तपासलं, आणि म्हणाल्या, सैल होतंय, पावडर थांबवू नका, तिला फक्त बसायला निवांत जागा द्या. मी दोन गाड्यांच्या मध्ये साडीचा आडोसा बांधला. आत भांडं ठेवलं. चंदनाच्या गुडघ्यांपर्यंत जमीन आली होती, तरी ती भांड्यावर टेकू शकत होती. ती टेकली. डोळे मिटले. तेवढ्यात कोरेसाहेबांनी साडीबाहेरून घसा साफ केला. त्यांनी मोठ्या संकोचाने सांगितलं की पार्किंग सामाईक आहे, सभासदांची तक्रार आलीय, तेव्हा हा प्रकार इथे नको. अभिनंदन त्यांच्यामागे उभे होते. तेच आत आले आणि भांडं घेऊन गेले. जाताना त्यांनी ते रुमालाने झाकलं होतं, कोणी बघू नये म्हणून.

चंदना कमरेपर्यंत गेली. मग छातीपर्यंत. लोकांना गाड्या काढताना ती दिसत नाही म्हणून तिच्याभोवती केशरी प्लॅस्टिकचे शंकू ठेवले. मी शंकूंच्या आत बसून तिला भरवायचे. वरून, तिन्ही मजल्यांच्या भोकांतून, सासूबाई दोरीने डबा सोडायच्या. डब्यात नेहमी मऊ भात असायचा. नातीवर त्यांचा जीव होता, हे मी नाकारत नाही.

"आई," चंदनाने एकदा विचारलं, "तू कधी जातेस?"

मी तिला सांगितलं. लग्न होऊन आले तेव्हा संडासाचं दार हॉलमध्ये उघडायचं आणि हॉलमध्ये अण्णा बसलेले असायचे. नवी सून त्यांच्यासमोरून कशी जाणार. म्हणून मी थांबायला शिकले. सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं. मग धुणं होईपर्यंत, मग भांडी होईपर्यंत. मग येणंच बंद झालं. कधीतरी जाते, तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकतात.

"तू किती जड आहेस?"

"मी कधी वजन केलं नाही."

"उभी राहून बघ ना."

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी अनवाणी उभी राहिले. पेव्हर ब्लॉक कोमट होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग माझे पाय पिठात गेल्यासारखे घोट्यापर्यंत आत गेले.

"तू पण," चंदना म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. तिच्या हनुवटीशी जमीन आली होती. मी वाकून तिचे केस मागे केले. ती खाली बघत असल्यासारखी वाटत होती, जरी तिथून खाली बघता येणं शक्य नव्हतं.

"आई, खाली जागा आहे," ती म्हणाली आणि गेली.

तिच्या जागी पुरीएवढं भोक राहिलं. मी कान लावला. फार खोल कुठेतरी ती गुणगुणत होती. खेळण्यात रमली की ती असंच करते.

दुपारनंतर कोरेसाहेब गवंडी घेऊन आले. भोक उघडं ठेवता येणार नाही, ते म्हणाले, उंदीर येतील, गाडीचं चाक अडकेल, वरची तिन्ही भोकंही आजच बुजवून घेऊ. अभिनंदन म्हणाले, बरोबर आहे. त्यांचे डोळे लाल होते. गवंडी पाटीत सिमेंट कालवायला लागला. मी रुतलेले दोन्ही पाय उपसून भोकावर ठेवले आणि उभी राहिले.

"पद्मा, बाजूला हो," अभिनंदन म्हणाले.

"ती खाली आहे."

"लोक बघतायत."

मी हलले नाही. हलता येतच नव्हतं. त्यांनी मागून माझ्या काखांत हात घातले आणि जोर लावला. आमच्या लग्नात त्यांनी मला मांडवातून उचलून नेलं होतं, त्याचे फोटो आहेत. आता त्यांचा श्वास फुलला. त्यांनी पाय रोवले आणि पुन्हा जोर लावला. बूट आत गेले. मग पँटचा काठ दिसेनासा झाला. मी मान वळवून पाहिलं तर ते माझ्याहून बुटके झाले होते.

त्यांनी ओढणं थांबवलं. हात मात्र सोडले नाहीत. कोरेसाहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, माझ्या खांद्याशी तोंड आणून ते म्हणाले, "मलाही होत नाही. दुकान घेतलं तेव्हापासून."

माझ्या तळपायांना खालचं गुणगुणणं लागत होतं आणि मला ते ऐकायचं होतं.

गवंडी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग कोरेसाहेबांकडे, आणि कुठे ओतू म्हणून विचारलं.